वॉर्डातली आठवी बाई

“साल पातळ, रस गोड, आणि बाठा बघा केवढा! जिथं गोडवा तिथं देवानं आत धोंडा ठेवलेलाच मेला,” सुगंधाबाई हातातल्या आंब्याशी भांडत होत्या.

पुष्पाबाईंना ते ऐकू आलं, कारण दोघी जावा एकाच परातीवर वाकून रस काढत होत्या. त्र्याण्णव सालच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. जळगावात सकाळी आठलाच भिंती तापल्या होत्या.

सुगंधाबाईंच्या दारावर पत्र्याची पाटी होती : ‘स्थळांची खात्रीशीर चौकशी केली जाईल’. मुलगा दारू पितो का, मुलीचं आधी कुठं ठरून मोडलं का, हे त्या चार दिवसांत काढून आणत. नवरा गेल्यावर त्यांनी हाच धंदा धरला होता. धाकट्या जाऊबाई पुष्पाबाई सोबतीला जायच्या. त्यांना माणसांतलं फारसं कळत नसे. स्वयंपाकघरातलं मात्र सगळं लक्षात राहायचं.

दाराची कडी वाजली. वाजली कसली, थरथरली.

बाहेर लताबाई उभी होती. गावाबाहेरच्या धर्मादाय रुग्णालयात, मनोरुग्णांच्या वॉर्डात ती आया होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं स्थळ सुगंधाबाईंनीच तपासून दिलं होतं.

“अक्का, माझ्या कुलपातून बाई गेली,” ती म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. “विहीर उपसायला घेतलीय. संध्याकाळी तळ लागला की मला नेणार म्हणतात.”

 त्या वॉर्डाचं नाव निघालं तरी पुष्पाबाईंना धस्स व्हायचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभर त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. तेव्हा सासूबाई कोणाकोणाला विचारत होत्या, ‘तिकडे ठेवून घेतात का हो?’ ते त्यांनी पडद्याआडून ऐकलं होतं.

“रस बाजूला ठेव, पुष्पे,” सुगंधाबाई हात धूत म्हणाल्या. “लता, पहिल्यापासून सांग. तुला फालतू वाटेल तेही सांग.”

लताबाईनं सांगितलं ते असं.

बायकांच्या जुन्या वॉर्डात आठ खाटा. आता शेजारी नवी इमारत झाली, तीस खाटांची. सोमवारी उद्घाटन. काल आखाजी म्हणून डॉक्टरांनी नव्या इमारतीपुढच्या निंबाला झोका बांधू दिला. सावद्याहून सुमनबाई टेम्पोभर बायका घेऊन आल्या. सुमनबाई म्हणजे केळीचे व्यापारी चुडामणभाऊ यांची बायको. भाऊ रुग्णालयाचे विश्वस्त. नव्या इमारतीला मोठी देणगी त्यांचीच. सुमनबाई दरवर्षी आखाजीला सांजोऱ्या घेऊन यायच्या. यंदा लुगडीही आणली.

“सगळ्यांना एकच छाप, पिवळं, हिरव्या काठाचं. आमच्या आठ जणींना, मला, पाणीवाल्या झुंबरबाईलाही. त्यांच्या बायकांनीही तेच नेसलेलं. बाया इतक्या हरखल्या होत्या, अक्का! गाणी काय, झोके काय. अकराला ऊन चढलं तशा मी आमच्या बाया आत घेतल्या. आठ मोजल्या, कुलूप लावलं आणि दाराशी स्टुलावर बसले. मध्ये जाळीतून बघितलं, आठी जणी आडव्या झालेल्या.”

“मोजल्यास कशा?”

“रोजच्यासारख्या. आमच्या वॉर्डाच्या चपला निळ्या रबरी असतात. त्या दुसऱ्या कोणी घालायच्या नाहीत, म्हणजे आवारात कोण आपलं ते लांबून कळतं. दार अरुंद, एकेक आत जाते तसे मी निळे जोड मोजते. आठ भरले.”

“तोंडं?”

“तोंडं कुठली दिसायला! केस बारीक कापलेले त्यांचे. बाहेर आल्या की लाजतात, पदर पार नाकापर्यंत ओढतात.”

“कुलूप पुन्हा कधी उघडलंस?”

“एकदाच, बाराला. झुंबरबाईनं आतून दार वाजवलं, रिकामी कळशी घेऊन बाहेर गेली. मग थेट एकला जेवण आलं तेव्हा. तर सातच बाया! भिकुबाई नाही. खिडक्यांना गज, दाराशी मी. दोनला तिच्या निळ्या चपला विहिरीच्या काठावर सापडल्या. शेजारी शेजारी ठेवलेल्या. देवळात जाताना काढतात ना, तशा.”

पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. सुगंधाबाई मात्र उठल्या आणि छत्री शोधू लागल्या.

*

रुग्णालयाच्या फाटकातच इंजिनाचा आवाज अंगावर आला. भक्‌ भक्‌ भक्‌. विहिरीतलं पाणी जाड पाइपातून रस्त्यावर ओतलं जात होतं, आणि रस्त्यापलीकडे माणसं उभी राहून ते पाणी बघत होती. नुसतं पाणी, पण त्यातून काहीतरी येईल असं बघत होती.

फाटकावरचा झुलाल आधीच घाबरलेला. “मन्ही काय चूक, अक्का? एकबी बाई बाहेर गयी नही. मी आठेच, फाटकवरच, बशेल व्हतू.”

“सावद्याचा टेम्पो गेला की.”

“तो गया. पन त्या तर पाव्हण्या. त्यास्ले काय मोजानं?”

“त्यांच्यात कोणाच्या पायांत निळ्या चपला होत्या का?”

“नही, नही. ते मी देखं. निळी चप्पल बाहेर जाऊ देवानी नही, असा हुकूमच शे.” झुलालनं डोकं खाजवलं. “येतांना इतल्या गाणा म्हणेत, कान बसनात. जातांना मात्र बठ्ठ्या चिडीचूप. उन लागनं व्हई.”

वॉर्डाचे डॉक्टर खैरनार चाळिशीचे, तीन दिवसांची दाढी वाढलेली. ते नव्या इमारतीत उभे होते. तीस लोखंडी खाटा, तीस नव्या गाद्या, भिंतींना चुन्याचा वास. जाळीच्या खिडक्यांतून इंजिनाचे ठोके आत येत होते.

“सहा वर्षं भांडून ह्या खाटा मिळवल्या, बाई. लोक मनोरुग्णाला झाडाला बांधतात, मांत्रिकाकडे नेतात. इथे आठ खाटा, म्हणून मी दारातून परत पाठवत होतो. आता विहिरीत काही निघालं, तर सोमवारी ह्या दाराला कुलूप लागेल.”

“भिकुबाई कोण?”

“अकरा वर्षांपूर्वीची केस, माझ्या आधीची. कागदावर एवढंच : भिकुबाई, मुक्काम एरंडोल, नातेवाईक नाहीत. मी एरंडोलला माणूस पाठवला होता. असं कोणी कुणाला आठवत नाही. शांत बाई. कधीची बरी आहे खरं तर. पण सोडायची कुणाच्या हवाली?”

“आणि नव्या वॉर्डात?”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. “नव्या खाटा बऱ्या होऊन घरी जाणाऱ्यांसाठी. नातेवाईक सही करतील त्यांनाच इथं ठेवायचं, बाकीच्यांना लांबच्या सरकारी रुग्णालयात. भिकुबाई परवा रेल्वेनं जायची होती. विश्वस्तांचा ठराव आहे. पहिली सही चुडामणभाऊंची.”

“हे तिला ठाऊक होतं?”

“मीच सांगितलं. ती म्हणाली, ‘तिकडं आखाजी करतात का?’”

डॉक्टरांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

जुन्या वॉर्डाचं दार लताबाईनं उघडलं तेव्हा पुष्पाबाईंचे पाय उंबऱ्यावरच थिजले. एकदा आत गेलं की बाहेर येता येत नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात कधीपासून बसलं होतं. पण आत सात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला दचकत होत्या. त्या आपल्याहून जास्त घाबरल्यात, हे दिसल्यावर पुष्पाबाई आत गेल्या.

आठवी खाट रिकामी होती. पलीकडच्या खाटेवरची ठगुबाई, दात पडलेली म्हातारी, पुष्पाबाईंचा हात धरून हळूच म्हणाली, “भिकु मायेरले गयी. तिले लेवाले उनथात.”

पुष्पाबाईंनी हात सोडवून घेतला. माहेरी गेली! विहिरीच्या पाण्याला कोणी माहेर म्हणतं का?

“दरसाल हेच बोलते ती,” लताबाई कपाळाला हात लावून म्हणाली. “आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात ना, म्हणून हिच्या मते सगळ्यांना न्यायला कोणीतरी आलेलं असतं.”

सुगंधाबाईंनी मात्र ठगुबाईजवळ बसून विचारलं, “कोण आलं होतं, आजी?”

“मी काय नाव सांगू! माले बी लेवाले ई ना कोनी...” म्हातारी रडू लागली. त्यापुढे तिच्याकडून काही कळलं नाही.

पाणीवाली झुंबरबाई आवारातल्या नळापाशी भेटली. पन्नाशीची, काटक. डोक्यावर हंडा घेऊन ती सावलीतून सावलीत उड्या मारत येत होती, कारण पाय अनवाणी आणि फरशी तव्यासारखी.

“चप्पल कुठंय गं?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“तुटनी. फेकी दिधी.”

“काल वॉर्डात पाणी कधी भरलंस?”

“सातले. सणना दिवस, नळ लवकर जास. मंग दिवसभर काय पाणी नव्हतं.” ती हंडा सावरत निघून गेली. हंड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं.

“बिचारी भेदरलीय,” पुष्पाबाई म्हणाल्या.

“सगळेच भेदरलेत. कोण कशाला भेदरलंय, एवढंच बघायचंय.”

कुंपणापलीकडे धनसिंग खुर्ची टाकून बसला होता. त्याचे तिथे अकरा प्लॉट होते आणि मनोरुग्णांचा वॉर्ड वाढू नये म्हणून त्यानं तीन अर्ज केले होते. ‘बंद पाडीन’ असं तो चारचौघांत बोललेला. हवालदार तोतारामचा संशय लताबाईनंतर त्याच्यावर होता.

“वेड्यांच्या भिंतीला भिंत लावून घर कोण बांधेल, सांगा!” तो म्हणाला. “पण म्हणून मी बाई ढकलीन? मला तर त्यांच्या वाऱ्याचीही भीती वाटते. फाटकाच्या आत पाय ठेवत नाही मी.”

“काल इथंच होता?”

“गिऱ्हाईक यायचं होतं. साडेदहापासून दोनपर्यंत ह्याच खुर्चीत. आलं नाही ते नाहीच.”

“विहीर इथून समोर दिसते.”

“दिसते ना. बाराच्या सुमाराला पाणीवाली येऊन पाय धूत बसली होती. मी बघतोय कळल्यावर लगबगीनं गेली. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, विहिरीवर चिटपाखरू नव्हतं.”

“हे हवालदारांना सांगितलंत?”

“विचारलं कुठं? ते म्हणाले, ‘तू मारलीस का?’ मी म्हटलं, नाही. झाली चौकशी.”

सुगंधाबाई छत्री मिटून हसल्या. पुष्पाबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सुगंधाबाई डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांनी जीप मागून घेतली.

“कुठं, अक्का?”

“सावद्याला. गाणाऱ्या बायका अशा गप्प का झाल्या, ते विचारू.”

*

भुसावळ मागे पडलं, तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळीचे हिरवे मळे सुरू झाले. पुष्पाबाईंना ह्या घराची वाट ओळखीची होती. गेल्या आखाजीला दोघी इथेच आल्या होत्या. चुडामणभाऊंच्या मुलीसाठी धुळ्याचं स्थळ आलं होतं, आणि त्या लोकांनी चौकशी सुगंधाबाईंकडे दिली होती. लग्न आता पंधरा दिवसांवर होतं. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते.

पायरीवर पुष्पाबाई अडखळल्या. चपलांच्या रांगेत टायरच्या तळव्याची एक झिजलेली चप्पल होती, अंगठा सुतळीनं बांधलेला. “मजुरांच्या चपला ह्या लोकांनी पायरीवर ठेवू द्याव्यात, चांगली माणसं,” असं त्या मनात म्हणाल्या.

चुडामणभाऊ ओसरीवर बसले होते. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, पण काल रात्रीपासून कोणीतरी हवा काढून घेतल्यासारखा. समोरचा चहा थंड झाला होता.

“काही निघालं?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही. संध्याकाळपर्यंत तळ लागेल.”

त्यांनी डोळे मिटले. सुगंधाबाईंनी ते बघितलं. अनोळखी रुग्ण बाईसाठी विश्वस्तानं इतकं?

सुमनबाई पाणी घेऊन आल्या. गोऱ्या, नाजूक. “आम्ही गाणी म्हटली, झोका दिला आणि आलो. आम्हाला काय ठाऊक, मागे असं होईल!” बोलताना त्यांची नजर माडीच्या जिन्याकडे गेली आणि लगेच परत आली.

पुष्पाबाई तोंड धुवायला म्हणून आत गेल्या. देवघराच्या कोपऱ्यात पितरांची घागर पुजलेली होती, आखाजीला घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावानं एकेक भरतात तशी. गव्हाच्या ढिगावर मातीची नवी घागर, वर खरबूज, बाजूला सांजोरी. दाराआड तशीच दुसरी नवी घागर उपडी घातलेली, कोरडी ठाक.

“अगंबाई, यंदा एकच?” त्यांच्या तोंडून गेलं. “गेल्या वर्षी दोन होत्या ना तुमच्या? मला आठवतं, दुसऱ्या खरबुजाला देठ होता.”

मागून आलेल्या सुमनबाई दचकल्या. “हो... म्हणजे कुंभारानं एक गळकी दिली. ऐनवेळी कुठं शोधायची?”

सुगंधाबाईही आत आल्या होत्या. त्यांनी ती उपडी घागर उचलली, बोटानं वाजवली आणि होती तशी ठेवली. घागर खणखणीत वाजली.

“भाऊ,” बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “तळ लागेल तेव्हा विश्वस्त म्हणून तुम्ही तिथं असायला हवं. आणि सुमनबाई, तुम्हीसुद्धा.”

जीपमध्ये पुष्पाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “अक्का, मला वाटतं ती विहिरीतच आहे. सगळ्यांच्या तोंडावर दिसतंय.”

“सगळ्यांच्या नाही,” सुगंधाबाई म्हणाल्या.

*

पाचला सगळे नव्या वॉर्डात जमले. खाटांवर बसायचं धाडस कोणी करेना, म्हणून सगळे भिंतीला लागून उभे होते : डॉक्टर, लताबाई, झुलाल, झुंबरबाई, चुडामणभाऊ, सुमनबाई. दाराशी वही घेऊन हवालदार तोताराम. बाहेर इंजिन चालूच होतं. पाणी आता गढूळ यायला लागलं होतं.

“इंजिन बंद करा,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“बाई, तळ लागायला हातभर राहिलंय.”

“तिथं बेडकांशिवाय काही नाही. बंद करा. ह्या बायकांचे जीव जातायत त्या आवाजानं.”

तोतारामनं कुरकुरत खूण केली. ठोके थांबले. इतकी शांतता झाली की पलीकडच्या वॉर्डात कोणीतरी सोडलेला सुस्कारा ऐकू आला.

“लता म्हणते, कुलूप लावल्यावर दार एकदाच उघडलं, झुंबरबाईला बाहेर सोडायला,” सुगंधाबाईंनी सुरुवात केली. “आम्ही सगळे विचारतोय, भिकुबाई बाहेर कशी गेली? मी विचारते, झुंबरबाई आत कधी गेली? पाणी तिनं सातला भरलं. अकरानंतर लतानं तिला आत सोडलं नाही. मग बाराला आतून दार कसं वाजवलं?”

लताबाईचं तोंड उघडंच राहिलं. “मी... ती रोजच ये-जा करते, अक्का. दार वाजलं, मी उघडलं.”

“तेच. रोजचं माणूस डोळ्यांना दिसत नाही. आत ती एकाच वेळी जाऊ शकली, अकराला, आठ जणींच्या रांगेत. सगळ्यांचं लुगडं एक, सगळ्यांचे पदर नाकापर्यंत. लता तोंडं मोजत नाही, निळ्या चपला मोजते. म्हणजे झुंबरबाईच्या पायांत भिकुबाईच्या निळ्या चपला होत्या. आठ जोड भरले, कुलूप लागलं. भिकुबाई तेव्हा बाहेरच होती, निंबाखाली, पाहुण्यांच्या घोळक्यात.”

“आणि तिच्या पायांत?” डॉक्टरांनी विचारलं.

“झुंबरबाईच्या चपला. म्हणून झुलालनं टेम्पोकडे बघितलं तरी त्याला निळं काही दिसलं नाही. येताना गाणाऱ्या बायका जाताना गप्प होत्या, कारण त्यांच्यामध्ये फाटकाला घाबरलेली एक बाई बसली होती. झुंबरबाई तासभर तिच्या खाटेवर पडून राहिली, मग कळशी उचलून बाहेर आली. निळ्या चपला घालून आवारात फिरता येईना. विहिरीवर पाय धुतले, चपला काढल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडे धनसिंग दिसला. तशाच टाकून पळाली. त्याच चपलांनी सगळ्यांना विहीर दाखवली.”

झुंबरबाई मटकन खाली बसली. “पाय पोळत व्हतात, माय! फरशीवर चालता ई ना. माले काय ठाऊक, त्या विहीर उपसतीन!” ती लताबाईकडे बघून रडू लागली. “तुना नाव ई, हे मन्हा ध्यानमाच नही उनं, लता. काल सांजले सांगसूत म्हणे त्या. मंग पोलीस उनात. मन्ही जीभच उचलाये ना.”

“त्या म्हणजे कोण?” तोतारामनं दरडावलं.

“झुंबरबाईची चप्पल मी आज दुपारी बघितली,” सुगंधाबाई म्हणाल्या. “म्हणजे पुष्पा तिच्यावर अडखळली. टायरचा तळवा, अंगठ्याला सुतळी. सावद्याला, केळीच्या व्यापाऱ्याच्या पायरीवर.”

सगळ्यांच्या माना सुमनबाईंकडे वळल्या. चुडामणभाऊंची सगळ्यांत शेवटी, आणि फार हळू.

“माडीवर झोपलीय ती,” सुमनबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण नजर आता चुकवत नव्हत्या. “काल दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. संध्याकाळी डॉक्टरांना निरोप द्यायचाच होता. पण हे घरी आले ते पोलीस, विहीर, लताबाईला धरणार असं सांगत. आणि यांचं तोंड बघून मला धीरच झाला नाही.”

“जिवंत?” चुडामणभाऊ म्हणाले. त्यांनी भिंतीचा आधार शोधला, तो मिळाला नाही, आणि एवढा मोठा माणूस नव्या गादीवर धपकन बसला. “काल दुपारपासून मी... मला वाटलं...”

ते तोंडावर हात घेऊन बसले.  

“पण का, सुमनबाई?” डॉक्टरांनी विचारलं. “मला सांगितलं असतं तर...”

“तुमची गाडी परवाची होती, डॉक्टर. आणि सही करायचा हक्क माझा नाही.” त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “दरसाल सांजोऱ्या घेऊन यायचे. ती खायची आणि विचारायची, ‘वैनी, औंदा?’ मी म्हणायचे, ‘पुढच्या साली.’ घरी जायचे आणि माझ्या हातांनी... नाही. यंदा हात उचलला नाही.”

“घागर गळकी नव्हती,” सुगंधाबाई सावकाश म्हणाल्या. “गळकी बद्द वाजते. पितरांच्या घागरी घरात वाढत जातात, कमी होत नाहीत. गेलेलं माणूस परत येत नाही ना. त्या घरात यंदा एक कमी झाली, तेव्हाच मला कळलं की विहीर रिकामी आहे.”

“म्हणजे ती बाई...” डॉक्टर बोलता बोलता थांबले.

“ते मी सांगणार नाही. चूक माझीही आहे. धुळ्याच्या लोकांना गेल्या वर्षी मीच लिहून दिलं, ‘घराण्यात दोष नाही’. दोन घागरी बघितल्या, एक आजोबांची, एक तापीत वाहून गेलेल्या बाईची, आणि वहीत टिपून घेतलं. कुणी वाहून जाताना बघितलं का, हे विचारलं नाही. खात्रीशीर चौकशी म्हणे! आणि आजारी पडणं म्हणजे दोष, हे तरी मला कुणी शिकवलं होतं?”

पुष्पाबाईंनी जावेकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना पडद्याआडून सासूबाईंचं बोलणं ऐकणाऱ्या आपल्याविषयी कोणी बोलल्यासारखं वाटलं.

तोताराम खाकरला. त्याला ह्यातलं निम्मं कळलं नव्हतं आणि वही तर पुरी करायची होती. “हरवलेली बाई मिळाली, असं लिहितो. नाव, भिकुबाई. मुक्काम, एरंडोल. ताब्यात कुणाच्या देऊ? नातेवाईक?”

लताबाईनं मान खाली घातली. झुलाल खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि हातातच धरला.

“लिहितो, नातेवाईक नाहीत,” तोताराम स्वतःशी म्हणाला आणि लिहू लागला.

“थांबा,” चुडामणभाऊ म्हणाले.

पेन थांबलं.   त्यांनी सुगंधाबाईंकडे पाहिलं. “पंधरा दिवसांवर लग्न आहे, अक्का. पोरीनं काय केलंय?”

“काही नाही. धुळ्याला मी स्वतः जाते, जे लिहिलं ते खोडून येते. मोडलं तर मोडलं. राहिलं तर पोरीच्या मांडवात बसायला एक माणूस जास्त असेल.”

“पिक्चरमध्ये ठीक आहे, बाई. समाज...”

“अहो,” सुमनबाई एवढंच म्हणाल्या.

चुडामणभाऊ उठले. तीस खाटांमधून चालत ते तोतारामपाशी गेले, आणि सावद्याच्या मांडवातल्या माणसांनाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले,

“ते भिकुबाई नाव मी दिलेलं. एरंडोल खोटं. तिचं नाव केसर. मुक्काम सावदा. तापीत कोणी गेलं नाही, मी तिला इथं आणून सोडली. माझी सख्खी बहीण आहे ती.”